स्क्लेरोडर्मा असेल तर फुफ्फुसांचा दुसरा आकडाही विचारा

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला एका तपासणी केंद्रात मी फुफ्फुसांच्या चाचण्या करते. दिवसभर माझ्या तोंडी एकच घोष असतो: "फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका." दम्याची मुलं येतात, आयुष्यभर बिडी ओढून छाती खराब झालेले आजोबा येतात, ऑपरेशनआधी फिटनेससाठी पाठवलेले येतात. आणि मधूनच एखादी बाई येते, जिचा हात हातात घेतला की कळतं, हिचं दुखणं वेगळं आहे. बोटं थंडगार, कातडी ताणून गुळगुळीत झालेली, मूठ पुरती वळत नाही. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: सिस्टिमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच स्क्लेरोडर्मा; आणि पुढे पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांच्या चाचण्या, विथ डीएलसीओ.

हा लेख त्या चिठ्ठीतल्या शेवटच्या शब्दासाठी आहे. कारण बऱ्याच चिठ्ठ्यांवर तो लिहिलेलाच नसतो.

गेल्या डिसेंबरात कळव्याच्या एक ताई आल्या होत्या. पन्नाशीच्या, घरी शिवणकाम करणाऱ्या. सोबत जाडजूड फाइल. तीत तीन वर्षांच्या तीन पीएफटी, दुसरीकडे केलेल्या, तिन्हींवर 'नॉर्मल'. मला म्हणाल्या, "मॅडम, फुफ्फुसं चांगली आहेत माझी. पण स्टेशनचा जिना चढवत नाही. सगळे म्हणतात वय झालं, वजन उतरवा." मी तिन्ही कागद नीट पाहिले. तिन्हींत फक्त फुंकण्याची चाचणी होती. दुसरी चाचणी कधी झालीच नव्हती. फुफ्फुसांची कामं दोन असतात आणि या आजारात दुसरं काम आधी बिघडू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

फुफ्फुसं म्हणजे लोहाराचा भाता, अशी आपली समजूत असते. हवा आत, हवा बाहेर. फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, हा भाताच मोजते: छातीत हवा किती मावते, किती जोरात बाहेर पडते. त्यातला एक मुख्य आकडा म्हणजे एफव्हीसी, पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर सोडलेली एकूण हवा. पण हवा आत आली आणि रक्तात उतरलीच नाही, तर तिचा उपयोग काय? श्वासनळ्यांच्या टोकांना कोट्यवधी बारीक पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो. ही देवाणघेवाण कशी चालली आहे, ते डीएलसीओ सांगतो. भाता धडधाकट आणि देवाणघेवाण अर्ध्यावर, असं होऊ शकतं. कळव्याच्या ताईंचं तेच झालं होतं.

आता आजाराबद्दल थोडं. स्क्लेरोडर्मा या शब्दाचा अर्थ कडक कातडी. नाव कातडीचं पडलं, पण घाव फार लवकर बसतो तो बारीक रक्तवाहिन्यांवर. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच ऊतींवर उलटते, वाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, वाहिन्या आखडतात, भिंती जाड होतात, आणि आसपास तंतू साचून ती जागा घट्ट होत जाते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार कित्येक पटींनी जास्त आढळतो, बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो. दगड आणि वाळूच्या धुळीत, म्हणजे सिलिकाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेल्या पुरुषांमध्येही त्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. हा संसर्ग नाही. एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण हात बघून घरात आपली ताट-वाटी वेगळी काढली जाते, असं मला एकीने रडत सांगितलं होतं.

पहिली खूण बहुतेक वेळा बोटांत दिसते. गारवा लागला की बोटं आधी पांढरीफटक पडतात, मग निळी-जांभळी, आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला रेनॉ म्हणतात. आपल्या ठाणे-नवी मुंबईत कुठली आली थंडी, असं वाटेल. पण ऐरोली-महाप्याच्या ऑफिसांतला एसी, एसी लोकलचा डबा, फ्रीजमधून काढलेली दुधाची पिशवी, एवढं पुरतं. बोटं पांढरी पडणाऱ्या बहुतेकांना स्क्लेरोडर्मा नसतो, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. मात्र तिशीनंतर हे नव्याने सुरू झालं, सकाळी हात सुजलेले दिसू लागले, बोटांच्या टोकांना बऱ्या न होणाऱ्या जखमा होऊ लागल्या, जळजळ आणि घास अडकणं सोबत आलं, तर एएनए ही रक्ततपासणी करून संधिवाताच्या तज्ज्ञांना, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टना दाखवावं. ते नखाच्या मुळाशी भिंग लावून तिथल्या केशवाहिन्याही बघतात. बोटांत जे उघड दिसतं, तेच आत फुफ्फुसांत झाकून चालू असू शकतं.

झाकून का, ते समजायला ठाणे स्टेशनवर चला.

सकाळचे साडेआठ. एकामागून एक लोकल येतायत आणि उतरलेली माणसं पादचारी पुलांवरून, जिन्यांवरून बाहेर पडतायत. एक जिना दुरुस्तीला बंद केला तर लोक कुरकुरतात आणि शेजारच्याने जातात. दुसरा बंद केला तरी निभतं. दुपारी अडीचला तर कुणाला पत्ताही लागणार नाही. पण निम्मे जिने बंद झाले की साडेआठला फलाट तुंबतो, मागून गाड्या येतच राहतात, माणसं माणसांना रेटतात. फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचं असंच आहे. शरीरातलं सगळं रक्त, विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर, हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसांत जातं. तिथे वाटा इतक्या मुबलक आहेत की स्वस्थ बसलेलो असताना त्यांतल्या कित्येक वापरातच नसतात, चालायला लागलो की त्या उघडतात. त्यामुळे वाहिन्यांच्या जाळ्याचा मोठा भाग, निम्म्याच्याही पुढे, निकामी होईपर्यंत बसल्या जागी दाब फारसा चढत नाही. दम लागतो तो जिन्यावर, गाडी पकडायच्या घाईत, हातात पिशव्या असताना. म्हणजे शरीराच्या साडेआठच्या वेळेला. आणि तो लागेपर्यंत बरेच जिने बंद झालेले असतात.

ही तुलना एका ठिकाणी अपुरी पडते. स्टेशनचा जिना दुरुस्त होऊन पुन्हा उघडतो. जाड होऊन बुजलेली वाहिनी तशी पुन्हा उघडत नाही. औषधं उरलेल्या वाटा सैल करतात, नवी पडझड लांबवतात. म्हणूनच किती वाटा शिल्लक असताना आपल्याला कळतं, याला एवढं महत्त्व.

आणखी एक. मागून रेटणारं बळ येतं हृदयाच्या उजव्या कप्प्यातून. डाव्या कप्प्याची भिंत जाड, तो साऱ्या अंगाला रक्त पोचवतो. उजव्याची भिंत त्याच्या मानाने फारच पातळ, कारण त्याचं काम शेजारच्या फुफ्फुसांपर्यंत रक्त ढकलायचं, तेही कमी दाबाने. त्याला रोज जास्त दाबाविरुद्ध ढकलावं लागलं की तो आधी जाड होतो, मग फुगतो, मग थकतो. पावलांवर सूज, पोट फुगणं, चालता चालता भोवळ येणं ही तो थकल्याची लक्षणं. इथवर येऊन मग निदान होणं म्हणजे फार उशीर.

"पण माझं बीपी तर १२०/८० आहे." हे वाक्य मी नेहमी ऐकते. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते डाव्या बाजूचं बीपी. फुफ्फुसांच्या धमनीतला दाब वेगळा, निरोगी माणसात त्याची सरासरी पाऱ्याच्या १४ मिलिमीटरांच्या आसपास असते, आणि तो दंडावर कधीच कळत नाही. किती झाला म्हणजे आजार, याची रेघ १९७३ मध्ये जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत २५ वर ओढली गेली. ती पंचेचाळीस वर्षं तशीच राहिली. २०१८ मध्ये नीस शहरातल्या जागतिक परिषदेत ती २० वर आणायचं ठरलं आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत तीच घेतली गेली. आज सरासरी दाब २० च्या वर, त्याला हृदयाची डावी बाजू जबाबदार नाही असं दाखवणारा वेज दाब १५ किंवा त्याखाली, आणि वाहिन्यांमधला अवरोध २ वुड युनिटांहून (हे तो अवरोध मोजायचं एकक) जास्त, असं तिन्ही जुळलं की त्याला पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, थोडक्यात पीएएच म्हणतात. रेघ खाली आली हे स्क्लेरोडर्माच्या रुग्णांसाठी फार मोलाचं झालं. २१ ते २४ मध्ये असलेल्यांना पूर्वी 'अजून काही नाही' म्हणून घरी पाठवलं जाई, आणि त्यांच्यातल्या काहींचा दाब पुढे चढतच जाई.

स्क्लेरोडर्माच्या साधारण दर १० रुग्णांत एकाला पीएएच होतो. एकेकाळी या आजारात मूत्रपिंडं अचानक निकामी होऊन माणसं दगावत. १९८० च्या सुमारास एसीई इनहिबिटर नावाच्या बीपीच्या गोळ्या हाताशी आल्या आणि ते चित्र पालटलं. त्यानंतर जीवघेणी ठरतात ती मुख्यतः फुफ्फुसं, कुणात फायब्रोसिसमुळे, म्हणजे तंतू साचून फुफ्फुस घट्ट झाल्यामुळे, कुणात रक्तवाहिन्यांमुळे.

लवकर ओळखल्याने खरंच फरक पडतो का, हा प्रश्न रास्त आहे. फ्रान्समध्ये यावर एक लहानसा पण बोलका अभ्यास झाला, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्रास नसतानाही नेमाने तपासणी करून ज्यांचा पीएएच सापडला त्यांची, आणि दम लागल्यावर तपासणीला आल्यावर ज्यांचा सापडला त्यांची तुलना केली होती. आठ वर्षांनंतर पहिल्या गटातले ६४ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले १७ टक्के. प्रत्येक गटात रुग्ण १६च होते, हे लक्षात ठेवायला हवं. शिवाय लवकर मोजायला सुरुवात केली की जगण्याची वर्षं कागदावर आपोआप जास्त दिसतात, हाही भाग त्यात आहे. तो वजा केला तरी एवढी मोठी दरी नुसत्या हिशेबाने भरून निघेल असं मला वाटत नाही. पहिल्या गटातल्यांचं हृदय निदानाच्या वेळी जास्त शाबूत होतं, हे त्याच अभ्यासात दिसलं होतं.

आता जोखीम कुणाला जास्त, त्यावर जरा थांबते, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. स्क्लेरोडर्माचे दोन मुख्य प्रकार. एकात कातडी दंड, छाती, पोटापर्यंत आवळते. दुसऱ्यात बोटं, हात, पाऊल, चेहरा एवढ्यापुरतीच राहते, त्याला मर्यादित प्रकार म्हणतात. मर्यादित म्हटलं की घरच्यांना हायसं वाटतं, कधी कधी डॉक्टरही "सौम्य आहे" म्हणून धीर देतात. पण पीएएच याच मर्यादित प्रकारात जास्त पाहायला मिळतो, आणि तोही बहुधा आजार सुरू होऊन बरीच वर्षं लोटल्यावर, जेव्हा बोटांची सवय झालेली असते आणि तपासण्या सुटलेल्या असतात. एएनएच्या रिपोर्टवर 'सेंट्रोमिअर पॅटर्न' किंवा 'अँटिसेंट्रोमिअर पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं असेल तर तो कागद जपून ठेवा आणि दर वर्षी डॉक्टरांपुढे ठेवा. एससीएल-७० ही याच आजारातली दुसरी रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल तर धोका फायब्रोसिसचा जास्त, पण वाहिन्यांची तपासणी त्यांनाही चुकत नाही.

दुसरी खूण चेहऱ्यावर असते. गालांवर, ओठांवर, तळहातांवर लाल ठिपके, बोटाने दाबले की फिके पडणारे, सोडले की परत उमटणारे. त्यांना तेलंजिएक्टेशिया म्हणतात. बायका त्यांना डाग समजून क्रीम लावतात, कुणी लेझरने काढून घेतात. काढायला हरकत नाही, पण ते होते हे डॉक्टरांना सांगायला हवं. पूर्वी असून आता नसले तरी जोखमीच्या हिशेबात ते धरले जातात.

आता माझ्या यंत्राकडे.

डीएलसीओच्या चाचणीत काय होतं, ते सांगते, म्हणजे भीती जाईल. नाकाला चिमटा, तोंडात नळी. सगळी हवा बाहेर सोडायची. मग एका दमात पूर्ण श्वास आत घ्यायचा. त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड अगदी अल्प, सुमारे ०.३ टक्के, मिसळलेला असतो. दहा सेकंद श्वास धरायचा, मग सोडायचा. बाहेर आलेल्या हवेत तो वायू किती उरला, यंत्र मोजतं. जो कमी झाला तो रक्तात उतरला. कार्बन मोनॉक्साइडच का? कारण रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतं. त्यामुळे पडदा ओलांडला की तो रक्ताने उचललाच म्हणून समजा, आणि हिशेब साफ निघतो. बंद गाडीत किंवा बंद न्हाणीघरात गीझरच्या धुराने माणूस दगावतो तो हाच वायू, म्हणून नाव ऐकून लोक दचकतात. चाचणीतलं प्रमाण एका-दोन श्वासांपुरतं आणि इतकं थोडं असतं की त्याने अपाय होत नाही.

दोन्ही आकडे टक्क्यांत येतात: तुमच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाच्या तुलनेत किती. आता दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे. एफव्हीसी ६०, डीएलसीओ ५५: दोन्ही खाली, म्हणजे फुफ्फुसाच्या भिंतीतच फायब्रोसिस असण्याची शक्यता, एचआरसीटी स्कॅन पाहावा लागतो. एफव्हीसी ८८, डीएलसीओ ५०: भाता उत्तम, देवाणघेवाण निम्मी. इथे संशय वाहिन्यांवर. पहिल्याला दुसऱ्याने भागा, १.७६ येतं. हे गुणोत्तर १.६ च्या वर गेलं की जाणकार डॉक्टर सावध होतात. कळव्याच्या ताईंचं पावणेदोनच्या आसपास आलं होतं. कागद छापताना माझ्याच पोटात गोळा आला.

एक आकडा एकदा बघून मात्र काही ठरत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर डीएलसीओही कमी दिसतो, आणि आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं ही घरोघरची गोष्ट. हिमोग्लोबिनचा आकडा दिला तर यंत्रात दुरुस्ती करता येते. खरी किंमत वर्षामागून वर्षाच्या ओळीला आहे: ८२, ७४, ६३ असा उतार दिसला तर, शेवटचा आकडा फार वाईट नसला तरी, त्या उताराबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं.

बाकीच्या तपासण्या आपल्या ओळखीच्या आहेत. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी हृदयाच्या भिंतीवर ताण आला की वाढते. ईसीजीत हृदयाचा विद्युत अक्ष उजवीकडे झुकलेला दिसतो. आणि युरिक ॲसिड. त्याचं नाव काढलं की लोकांना पायाच्या अंगठ्याचं दुखणं आठवतं, पण फुफ्फुसांतल्या दाबामुळे ऊतींना प्राणवायू पुरा पडत नाही तेव्हाही ते चढतं. ठाण्यातल्या कुठल्याही गल्लीतल्या लॅबमध्ये होणारी ही स्वस्त तपासणी इथे कामाला येते, याचं मला फार अप्रूप आहे.

डिटेक्ट नावाचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आजाराला तीन वर्षं उलटलेले आणि डीएलसीओ ६० टक्क्यांच्या खाली असलेले रुग्ण त्यांनी निवडले. ४६६ जणांच्या, मग दम लागत असो वा नसो, हृदयात नळी घालून दाब मोजला. त्यांतल्या १९ टक्के लोकांना पीएएच निघाला. त्यावरून त्यांनी दोन पायऱ्यांची पद्धत बसवली. पहिल्या पायरीवर सहा गोष्टी: एफव्हीसी-डीएलसीओचं गुणोत्तर, चेहऱ्यावरचे ते लाल ठिपके, अँटिसेंट्रोमिअर, एनटी-प्रोबीएनपी, युरिक ॲसिड आणि ईसीजीतला तो झुकाव. यांचे गुण ठरावीक रेघेपुढे गेले तरच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इकोत उजव्या वरच्या कप्प्याचा आकार आणि झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग बघायचा. त्यांचेही गुण पुढे गेले तर कॅथ, म्हणजे हृदयात नळी घालून दाब मोजणं. या पद्धतीत पीएएचचे ४ टक्के रुग्ण निसटले. त्या काळी चालू असलेल्या, मुख्यतः इकोवर विसंबणाऱ्या पद्धतीत २९ टक्के निसटत होते.

या २९ टक्क्यांपाशी मला थांबावंसं वाटतं, कारण "इको नॉर्मल आहे, विषय संपला" हे मी फार ऐकते. टूडी इको उत्तमच तपासणी आहे, वेदना नाही, दर वर्षी करावी. पण इको दाब मोजत नाही, अंदाज करतो. उजव्या झडपेतून थोडं रक्त मागे येतं, त्याचा वेग पकडायचा, वेगाचा वर्ग करून ४ ने गुणायचं. सेकंदाला २.८ मीटर वेग म्हणजे सुमारे ३१ मिलिमीटर, ३.४ मीटर म्हणजे सुमारे ४६, त्यात वरच्या कप्प्याचा अंदाजे दाब मिळवायचा. ही अंदाजी बेरीज येते ठोक्याच्या वेळच्या सर्वोच्च दाबाची, वर सांगितलेली २० ची रेघ मात्र सरासरी दाबाची आहे, दोन्हींची गल्लत करायची नाही. काहींच्या झडपेतून रक्त मागे येतच नाही, किंवा इतकं थोडं येतं की वेग धड पकडता येत नाही. मग अंदाजच होत नाही, आणि रिपोर्टवर 'नो पीएएच' उमटतं. फलाटावरचा गलबला बाहेर रस्त्यावरून ऐकून गर्दीचा अंदाज करण्यासारखं आहे हे. मोजायचंच तर आत जावं लागतं.

आत जाणं म्हणजे राइट हार्ट कॅथ. मानेतल्या, हातातल्या किंवा जांघेतल्या शिरेतून, जागा बधिर करून, टोकाला छोटा फुगा असलेली बारीक नळी उजव्या हृदयातून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात आणि दाब थेट मोजतात. फुगा क्षणभर फुगवला की डाव्या बाजूचा वेज दाबही कळतो. 'हृदयात नळी' ऐकून घरचे हबकतात. वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरांनी १९२९ मध्ये स्वतःच्याच हातातून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तसेच चालत एक्स-रे काढायला गेले होते. त्या कामासाठी १९५६ मध्ये त्यांना आणखी दोघांसोबत नोबेल मिळालं. आज ही तपासणी सवयीच्या केंद्रात सुरक्षित मानली जाते आणि तिच्याशिवाय पीएएचचं निदान पक्कं करून औषधं सुरू करू नयेत, असा नियम आहे. कारण स्क्लेरोडर्मात दाब डाव्या हृदयामुळेही चढतो, फायब्रोसिसमुळेही चढतो, आणि तिन्हींचे उपचार निराळे.

उपचारांबद्दल थोडक्यात. बोसेंटन, अँब्रिसेंटन, मॅसिटेंटन हा एक गट, सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल हा दुसरा. बहुतेकांना आता दोन गटांतली औषधं सुरुवातीपासून एकत्र देतात. सिल्डेनाफिल म्हणजे तीच व्हायग्रातली गोळी, वेगळ्या मात्रेत. औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढे करताना बायका संकोचतात, दुकानातला पोरगाही चमकून बघतो. ही गोळी फुफ्फुसांच्या वाहिन्या सैल करते म्हणून दिली आहे, लाजायचं काहीही कारण नाही. पण घरात कुणी छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट वापरत असेल तर ती हिच्यासोबत चुकूनही घ्यायची नाही, रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो. पहिल्या गटातल्या गोळ्या गर्भाला घातक आहेत, आणि पीएएचमध्ये गर्भारपण आईच्याही जिवावर बेतू शकतं, म्हणून तरुण मुलींशी हे उघड बोलायलाच हवं, सासरच्यांचा आग्रह कितीही असो.

कळव्याच्या ताईंचं कॅथ जानेवारीत झालं. सरासरी दाब २७ निघाला. औषधं सुरू आहेत. स्टेशनचा जिना त्या अजूनही मध्ये एकदा थांबूनच चढतात, पण चढतात. तीन वर्षांपूर्वी कुणी तो दुसरा आकडा काढला असता तर काय दिसलं असतं, हे त्यांनी मला विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

तुम्हाला किंवा घरात कुणाला स्क्लेरोडर्मा असेल, तर दम लागो न लागो, ही तपासणी वर्षातून एकदा करा. आधी फोन करून नेमकं विचारा: "तुमच्याकडे डीएलसीओ होतं का?" सगळीकडे होत नाही, त्यासाठी वेगळं यंत्र आणि वायूची टाकी लागते. येताना हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट आणि मागच्या वर्षीचा कागद आणा. त्या दिवशी सिगारेट-बिडी नको. भरपेट जेवून येऊ नका. नेलपॉलिश काढून या. बोटं थंड असतील तर प्राणवायूचा चिमटा बोटाला चुकीचा आकडा दाखवतो, तेव्हा "कानाला किंवा कपाळाला लावा" म्हणून सांगायला संकोचू नका. आमच्या खोलीतला एसी बंद करायला सांगा, मी लगेच करते. आणि कागद हातात पडला की निघायच्या आधी दोन्ही आकडे मला विचारून घ्या, मी पेनने गोल करून देते.